भुलीतल्या जिवाची राखण



विज्ञानाच्या एका निष्ठावंत शिक्षकाच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानात मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने प्रयोगशाळेतील उंदराविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. तेव्हा आधी त्याचा खुलासा करतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आणि त्याखालील प्रयोगविषयक नियम १९९८ सालचे. त्यांना अनुसरून प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेत एक प्राणी-नीतिसमिती असावी लागते. तीत जीवशास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतात आणि त्यांच्याबरोबर विज्ञानाच्या क्षेत्राबाहेरचा, परंतु समाजाचे भान असलेला असा एक सदस्यही असतो. निवृत्तीनंतर काही वर्षे एका संस्थेत ही जागा माझ्याकडे होती. त्या काळात पशुवैद्यांकडून आणि तरुण संशोधकांकडून जे शिकलो, त्यातील एकच विषय आज मांडणार आहे : भूल दिलेल्या उंदराची प्राणलक्षणे कशी पाहावीत आणि का पाहावीत.

दोन-तीन शब्दांचा निर्वाळा प्रथम करू या. आपल्या भाषेत ‘उंदीर’ हा शब्द सैल आहे. प्रयोगशाळेत ज्याला ‘माऊस’ म्हणतात तो पंचवीस-तीस ग्रॅमचा चिमुकला जीव, आणि ‘रॅट’ म्हणतात तो दोनशे ते पाचशे ग्रॅमचा. मी बोलणार आहे तो या दुसऱ्याविषयी, बहुधा पांढऱ्या, तांबड्या डोळ्यांच्या जातीविषयी. ‘व्हायटल साइन्स’ या संज्ञेसाठी मी ‘प्राणलक्षणे’ म्हणेन. श्वास, हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान, रक्तदाब आणि रक्तातील प्राणवायू ही ती मुख्य लक्षणे होत. तिसरा शब्द ‘भूल’. वैद्य भूल देतो, आणि माणसाकडून भूलही होते. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात का बांधले ते सांगता येणार नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या मेजावर पहिल्या अर्थाच्या भुलीत दुसऱ्या अर्थाची भूल शिरू नये, म्हणूनच हा सारा खटाटोप असतो.

आता या प्राण्याच्या देहाचे माप पाहा. आपल्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे ७२. त्याचे २५० ते ४५०, म्हणजे सेकंदाला चार ते सात. आपण मिनिटाला पंधरा-सोळा श्वास घेतो. तो ७० ते ११५ घेतो. आपल्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा जाते. त्याच्या श्वासात दीड-दोन मिलिलिटर. तीनशे ग्रॅमच्या उंदराच्या अंगात रक्त असते सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. त्यातले दोन मिलिलिटर सांडले तर दहावा हिस्सा गेला. कापसाच्या दोन बोळ्यांनी टिपलेले रक्त आपल्याला किरकोळ वाटते; त्याच्या दृष्टीने तो मोठा रक्तस्राव असतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक बोळेसुद्धा वजन करून पाहतात. जिथे सगळेच इतके लहान, तिथे अवधीही लहान असतो. माणसाच्या बाबतीत चूक सुधारण्यास जो वेळ मिळतो, तो येथे मिळत नाही.

लक्षणांकडे वळण्यापूर्वी एक फरक सांगतो. शस्त्रक्रियेआधी आपल्याला उपाशी ठेवतात, कारण भुलीत उलटी होऊन अन्न श्वासमार्गात जाण्याचे भय असते. उंदराला उलटी होतच नाही. त्यामुळे त्याला सहसा उपाशी ठेवण्याचे कारण नसते; उलट दीर्घ उपासाने त्याच्या रक्तातील साखर उतरते आणि तो आधीच दुबळा होऊन मेजावर येतो. माणसाचा नियम जसाच्या तसा प्राण्याला लावणे म्हणजे दया नव्हे, हे या एका गोष्टीवरून ध्यानात यावे.

पहिला प्रश्न भूल पुरेशी खोल आहे का, हा. त्यासाठी मागच्या पायाच्या बोटांमधली कातडी चिमटीत दाबतात. उंदराने पाय ओढून घेतला तर त्याला वेदना पोचते आहे, चाकू लावण्याची वेळ आलेली नाही. ही परीक्षा सुरुवातीला एकदा करून भागत नाही. शस्त्रक्रिया चालू असताना ठराविक अंतराने ती पुन्हा करावी लागते. आयसोफ्लुरेनसारखी भूल वाफेच्या रूपात, प्राणवायूबरोबर, नाकावरच्या लहानशा शंकूतून देतात. तिचे प्रमाण घटकेत कमी-अधिक करता येते. केटामिन आणि झायलाझिन ही औषधे टोचून देतात, आणि टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. फार तर झायलाझिनचा परिणाम उतरविणारे दुसरे औषध देता येते. या भुलीत डोळे उघडेच राहतात. पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते. म्हणून डोळ्यांत मलम घालणे हे पहिल्या दोन-चार मिनिटांतले काम आहे.

दुसरे लक्षण श्वास. उंदीर नाकानेच श्वास घेतो. नाकपुडीत चिकट स्राव साचला, मान वाकडी झाली किंवा शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात नकळत त्या इवल्याशा छातीवर टेकला, तर श्वास कोंडतो. भुलीत श्वासांची संख्या उतरणारच. ती जागेपणीच्या निम्म्यापर्यंत आली तरी सहसा चालते, त्याखाली गेली तर सावध व्हावे. पण संख्येइतकेच तालाकडे लक्ष हवे. छाती संथ, सारख्या लयीत हलते आहे, की आचके देत आहे? आचके दिसू लागले म्हणजे फार वेळ उरलेला नसतो.

तिसरे लक्षण हृदयाचे ठोके, आणि चौथे रक्तातील प्राणवायू. ही दोन्ही लक्षणे आता एकाच यंत्राने पाहतात. २०२०-२१ च्या करोनाकाळात घरोघरी बोटाला लावलेली ती चिमटी आपण विसरलो नसू. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ मध्ये त्या यंत्राचे तत्त्व मांडले. परंतु माणसासाठी केलेली पुष्कळ यंत्रे मिनिटाला २५० च्या पुढचे ठोके मोजतच नाहीत, आणि उंदराचे ठोके तर तिथूनच सुरू होतात. म्हणून त्याच्यासाठी वेगळे यंत्र आणि पंजावर बसणारी वेगळी चिमटी लागते. यंत्र नसेल तेथे डोळे आहेत : पांढऱ्या उंदराचे नाक, कान, पंजे आणि डोळेही गुलाबी असतात. ते निळसर दिसू लागले तर प्राणवायू कमी पडतो आहे, फिकट झाले तर रक्त कमी पडते आहे. रक्तदाब शेपटीवर पट्टी बांधून मोजता येतो. मात्र शेपूट गार पडलेली असेल तर तिच्यातील रक्तवाहिनी आकुंचन पावते आणि आकडा भरवशाचा राहत नाही.

पाचवे लक्षण तापमान, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सर्वांत उपेक्षित. लहान देहाचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असतो, म्हणून ऊब झपाट्याने जाते. कातडीवरचे केस भादरले, वर स्पिरिटचा बोळा फिरविला, पोट उघडले, की तो आणखी गार पडतो. भुलीमुळे कुडकुडण्याची शक्तीही नाहीशी झालेली असते. त्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३७ अंश. ऊब दिली नाही तर तासाभरात ते कित्येक अंशांनी उतरू शकते. गारठलेल्या शरीरात औषधाचा निचरा मंदावतो, हृदय मंदावते, भूल अधिकच खोल होत जाते आणि जाग उशिरा येते. उपाय साधा आहे : गुदद्वारात एक बारीक तापमापी आणि तिच्या इशाऱ्यावर तापणारे पांघरूण. तापमापीवाचून नुसतीच गरम गादी ठेवली तर उंदीर भाजतोही, आणि त्याला ओरडता येत नाही.

ही केवळ भूतदयेची गोष्ट नाही. १९८७ मध्ये अमेरिकेतील मायामी येथील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून एक प्रयोग केला. मेंदूचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरलेले असले, तर पेशींचा नाश पुष्कळच कमी होतो, असे त्यांना दिसले. याचा अर्थ नीट पाहावा. एखाद्या संशोधकाने मेंदूच्या विकारावर नवे औषध दिले, उंदीर भुलीत गारठले आणि त्यांचे मेंदू बचावले. तापमान कोणी मोजलेच नाही, तर बचावाचे श्रेय औषधाला जाईल. म्हणजे निष्कर्ष खोटा, खर्च वाया आणि सर्वांत वाईट म्हणजे तितके जीव फुकट गेले. रसेल आणि बर्च या दोन इंग्रज अभ्यासकांनी १९५९ मध्ये सांगितले होते की शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधावा, प्राण्यांची संख्या कमी करावी आणि जे करावयाचे ते कमीत कमी क्लेशाने करावे. प्राणलक्षणांची राखण ही यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अपेक्षेची एकत्र पूर्ती आहे. भुलीत गमावलेल्या प्रत्येक उंदराच्या जागी दुसरा उंदीर आणावा लागतो.

श्रोतेहो, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. यातले कोणतेही एक लक्षण एकटे विश्वासार्ह नाही. उदाहरण घ्या. ठोके वाढले. त्याबरोबर रक्तदाब वाढला असेल आणि पाय चिमटताच ओढला जात असेल, तर भूल उतरते आहे. ती वाढविली पाहिजे. पण ठोके वाढले, रक्तदाब उतरला आणि पंजे फिकट पडले, तर आत कोठे तरी रक्त वाहते आहे. अशा वेळी भूल वाढविणारा त्या जिवाला मारील. लक्षण एकच, अर्थ परस्परविरुद्ध. दुसरे उदाहरण : उंदराला शुद्ध प्राणवायू मिळत असेल तर श्वास धोक्याइतका मंदावला तरी चिमटीवरचा प्राणवायूचा आकडा काही काळ उत्तमच दिसतो, आत कार्बन डायऑक्साइड साचत असतो आणि त्याचा त्या आकड्याला पत्ताच नसतो. जुन्या पोथ्यांवर काम करणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. एका पोथीवरून पाठ ठरवू नये, चार पोथ्या शेजारी ठेवाव्यात, हा आमच्याही विद्येचा नियम आहे.

याच मुद्द्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या हैदराबाद शहरात घडले. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली, १८४७ मध्ये एडिंबरोला क्लोरोफॉर्म आले, आणि १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या साध्या शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली दगावली. तेव्हापासून वाद पेटला : क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबविते की हृदय? हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे ‘श्वास’ पक्षाचे. १८८८ मध्ये त्यांनी येथे पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमून कुत्र्यांवर प्रयोग केले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने शंका काढली, तेव्हा सहाव्या निजामांच्या सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित संशोधक हैदराबादेस आले. दुसऱ्या कमिशनने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले. जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक, लॉरी यांच्या शिष्या रूपाबाई फर्दुनजी, याच वातावरणात घडल्या. निष्कर्ष असा निघाला की श्वास नेहमी आधी थांबतो, तेव्हा श्वासाकडेच पाहावे. नाडीची चिंता करू नये.

तो निष्कर्ष अपुरा होता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की भूल हलकी असताना, विशेषतः ॲड्रेनालिनच्या प्रभावाखाली, क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी विस्कटून टाकते आणि मृत्यू येतो. हैदराबादेत प्राण्यांना क्लोरोफॉर्म वाढवीत नेऊन खोल भुलीत पाहिले गेले. तेथे श्वास आधी थांबतो हे खरेच होते. पण मेजावर दगावणारे कित्येक रोगी भ्यालेले आणि अर्धवट भुलीतले होते. पैसा होता, विद्वत्ता होती, श्रम होते, प्रामाणिकपणाही होता. कमतरता एवढीच की एका लक्षणाला सर्वाधिकार दिला गेला. त्या शेकडो मुक्या जिवांचे ऋण आपल्या शहरावर आहे, आणि ते फेडण्याचा मार्ग म्हणजे तो धडा न विसरणे.

याहून बिकट एक प्रसंग असतो. काही प्रयोगांत स्नायू पूर्ण शिथिल करणारे औषध द्यावे लागते. मग उंदीर पाय ओढू शकत नाही, स्वतः श्वासही घेऊ शकत नाही. श्वास यंत्राने चालतो. अशा वेळी भूल अपुरी पडली तर तो सर्व काही सोसतो आणि बाहेरून मात्र गाढ झोपल्यासारखा दिसतो. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांची अचानक उसळी, एवढीच त्याची तक्रार. म्हणून भूल पुरेशी असल्याची पूर्ण खात्री झाल्यावाचून हे औषध देऊ नये. वेदना होऊ नये इतक्या समर्थ भुलीखाली शक्यतो शस्त्रक्रियेचे प्रयोग व्हावेत, हे आपल्या १९६० च्या कायद्यातच म्हटले आहे. ज्याने दुसऱ्याची तक्रार करण्याची शक्ती काढून घेतली, त्याने ती तक्रार स्वतः शोधत राहिले पाहिजे, असा त्या वाक्याचा मला लागलेला अर्थ आहे.

तक्रार शोधावयाची तर नोंद हवी. सुटा आकडा काही सांगत नाही. आकड्यांची चढउतार सांगते. १८९४ च्या सुमारास बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या वैद्यकाच्या दोन विद्यार्थ्यांनी ईथर देताना नाडी आणि श्वास कागदावर टिपण्यास सुरुवात केली. पुढे १९०१ मध्ये कुशिंग यांनी इटलीतून रक्तदाब मोजण्याचे साधन नेले आणि त्या कागदावर आणखी एक रेघ आली. आज उंदराच्या शस्त्रक्रियेतही साधारण दर पाच मिनिटांनी अशी नोंद व्हावी, अशी अपेक्षा असते.

समितीवर असताना असाच एक नोंदीचा कागद माझ्यापुढे आला होता. एका तासाच्या बारा नोंदी. बाराही वेळा तापमान ३७.०, बाराही वेळा श्वास ६०. शाई एक, अक्षराचा कल एक, घाईही एकच. वैद्यकातले मला काही कळत नसले तरी हस्ताक्षरातले कळते. जिवंत देह इतका एकसुरी नसतो. मी विचारले, तेव्हा त्या तरुण संशोधकाने सरळ सांगितले, “सर, दोन्ही हात शस्त्रक्रियेत गुंतलेले होते, नोंदी नंतर भरल्या.” त्याच्या प्रांजळपणाचे मला कौतुक वाटले. समितीच्या पशुवैद्यांनी मग सुचविले आणि सर्वांनी मान्य केले की यापुढे शस्त्रक्रिया करणारा एक आणि केवळ राखण करणारा दुसरा, अशी दोन माणसे असल्याशिवाय परवानगी द्यावयाची नाही. यंत्र कितीही चांगले असले तरी त्याच्याकडे पाहणारे डोळे मोकळे असावे लागतात.

शेवटचा टाका घातल्यावर राखण संपत नाही. भूल उतरताना उंदीर पुन्हा गारठतो, श्वास अडखळतो. त्याला उबदार, स्वतंत्र पिंजऱ्यात ठेवावे. लाकडाचा भुसा नाकातोंडाला चिकटतो, म्हणून खाली कागद किंवा फडके घालावे. जागे उंदीर त्याला इजा करतील, म्हणून त्यांच्यात लगेच सोडू नये. तो आपणहून पालथा होऊन पोटावर बसला आणि चालू लागला, म्हणजे राखणदाराने उठावे. वेदनाशामक औषधाची पाळी त्यानंतरही चालू राहते.

या शाळेचे कितीतरी विद्यार्थी आज डॉक्टर, औषधनिर्माते आणि संशोधक आहेत. कितीतरी जण माझ्यासारखे विज्ञानाबाहेरचेही आहेत. आपल्यापैकी कोणाला अशा समितीवर बोलावणे आले, तर ‘मला त्यातले काय कळते’ म्हणून नकार देऊ नका. पाच प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ आहे. भूल दिल्यावर केवळ लक्ष ठेवण्यासाठी कोण असणार? ऊब कशी देणार, आणि ती मोजणार कशाने? कोणकोणती लक्षणे, किती किती वेळाने टिपणार? आकडा कोठवर गेला म्हणजे शस्त्रक्रिया थांबविणार? आणि जीव जागा होईपर्यंत त्याच्याजवळ कोण बसणार?

या प्रश्नांना पदवी लागत नाही. उत्तर मिळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा विचारण्याची चिकाटी लागते, आणि ती या शाळेने आपल्याला दिलेली आहे.